वासरू की माकड?

मंडळी, आजचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. वीकांताला काहीतरी हलकंफुलकं वाचायचं असेल तर आज सुट्टी घ्या.

गेले चार आठवडे मी दर शुक्रवारी साताऱ्याला घरी जातोय. एरवी महिन्यातून एकदा जाणारा प्राणी मी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून निसटायचं, मिळेल ती एसटी धरायची, रात्री अकराच्या सुमारास घरी पोचायचं आणि चपला काढायच्या आधी गोट्या कुठे आहे ते बघायचं. गोट्या म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षं चौदा. आई पामेरियन आणि बाप मागच्या गल्लीतला कुणीतरी. मी नववीत असताना एका मित्राकडून शर्टात घालून आणला होता, आणि पहिल्याच रात्री आईच्या पातळाच्या घडीवर त्याने आपली सही केली होती. त्या दिवसापासून तो तिचाच झाला. मी नावाला मालक.

तर या गोट्याच्या किडन्या निकामी होत आल्यात. दिवसाआड सलाईन, तोंडात फोड, खाल्लेलं निम्मं बाहेर. फाटक वाजलं की पूर्वी अंगावर झेपावायचा, आता नुसता एक कान हलतो. डॉक्टर चांगले आहेत, घरी येतात, खोटं बोलत नाहीत. सुधारणा होणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं, मग शेवटचं इंजेक्शन कधी द्यायचं? ते म्हणाले, "देता येईल. केव्हा ते तुम्ही ठरवा. मला फोन करा, मी येऊन जाईन."

केव्हा ते तुम्ही ठरवा! च्यायला, हे वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही रिलीजच्या तारखा ठरवणारी माणसं. पण इथे टेस्ट केस काय, पास-फेल कशावर ठरवायचं, काहीच माहीत नाही, आणि रोलबॅक तर नाहीच.

मग केलं तेच, जे कुठलाही इंजिनियर करेल. एक्सेल शीट बनवली. अमेरिकेत अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या, प्राण्यांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरबाईंनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी तयार केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला ० ते १० गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर थांबायला हरकत नाही. मला फार बरं वाटलं. आकडा मिळाला की निम्मं काम झालं, ही आमची श्रद्धा. तीन प्रिंट काढल्या, तिघांना वाटल्या. माझी बेरीज आली २९. आईची ४४. बाबांनी कागद कोराच परत दिला आणि म्हणाले, "मला नाही जमत रे हे."

एकच कुत्रा, एकच दिवस, आणि १५ गुणांचा फरक. आई म्हणाली, "भुकेला तू दोन दिलेस? सकाळी माझ्या हातनं अर्धी वाटी भात खाल्ला त्यानं. तू झोपला होतास." मी म्हटलं, "आई, तो नंतर उलटून पडला." "पण खाल्ला ना?" वाद तिथेच थांबला, कारण गोट्या आवाज ऐकून उठायला बघत होता आणि त्याचे मागचे पाय फरशीवर घसरत होते.

असो. अडलं की इतिहासात घुसायचं ही माझी जुनी खोड. रविवारी रात्री पुण्याला परत आलो आणि वाचायला बसलो. प्रश्न एकच होता. लोक हे आधी कसं ठरवायचे?

पहिला धक्का हा की फारसं कुणी ठरवतच नव्हतं. हा प्रश्न म्हणावा तितका जुना नाही. मरणाऱ्या जनावराला त्रास न होता संपवायचं साधनच माणसाकडे नव्हतं. बंदूक होती, पाण्यात बुडवणं होतं, डोक्यात घाव घालणं होतं. ज्याला ते करवत नसे तो वाट बघत बसे. १८४७ पासून क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरात आलं. १८८४ मध्ये लंडनच्या बॅटरसी इथल्या बेवारशी कुत्र्यांच्या आश्रयगृहात बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन नावाच्या डॉक्टरने गॅसची एक बंद खोली बांधून दिली. माणसांच्या भुलीवर आयुष्यभर काम केलेला हा गृहस्थ, जनावरांनाही निदान वेदना होऊ नयेत म्हणून धडपडत होता. पण ती खोली नकोशा झालेल्या कुत्र्यांसाठी होती, लाडक्यांसाठी नव्हे. पुढे १९०३ च्या आसपास जर्मनीत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी झोपेचं एक नवं औषध शोधलं, आणि ते चालतं का हे त्यांनी पाहिलं ते कुत्र्यांवर. त्याच बार्बिट्युरेट कुळातलं पेंटोबार्बिटल १९३० च्या सुमारास आलं. आज जगभरात प्राण्यांना शेवटचं इंजेक्शन म्हणून मुख्यतः तेच देतात. म्हणजे घरी येऊन, दोन मिनिटांत, शांतपणे, ही सोय जेमतेम शंभर वर्षांची. आपल्या पणजोबांना हा पर्याय नव्हता, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता. सोय आली आणि तिच्या मागून प्रश्न आला.

वाट बघणं मात्र फार जुनं आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली खाणीत एक थडगं सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि कुत्रा. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले, तेव्हा लक्षात आलं की ते सातएक महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. मरण्याआधी ते कित्येक आठवडे आजारी होतं, आणि कुणीतरी पाणी पाजल्याशिवाय, साफसूफ केल्याशिवाय ते इतके दिवस जगणं शक्यच नव्हतं. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेती सुरू व्हायच्याही आधीची ही गोष्ट, आणि कुणीतरी त्याच्या तोंडातला फेस पुसत बसलं होतं. हे वाचताना मला स्वैपाकघराच्या दारात बसलेली आई दिसली, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे तर या वाट बघण्याची संस्थाच उभी राहिली. मुंबईत जून १८३२ मध्ये दंगल झाली होती, आणि ती कुत्र्यांवरून. सरकारने बेवारशी कुत्री मारायची मोहीम काढली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत, त्यामुळे दारातली पाळलेली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी लोक रस्त्यावर आले, पोलिसांना मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी पैसा घालून भुलेश्वरला पांजरापोळ काढला. तो आजही आहे, भर बाजारपेठेत. लंगडं, म्हातारं, आंधळं, कसलंही जनावर आणा, ते त्याच्या मरणाने मरेपर्यंत सांभाळलं जाईल. इंग्रजांना हे अजब वाटायचं. त्यांच्या दृष्टीने तडफडणाऱ्या घोड्याला गोळी न घालणं हा क्रूरपणा, आपल्या दृष्टीने गोळी घालणं हे पाप. दोघंही दयाच म्हणत होते बरं का.

या दोन दयांची समोरासमोर टक्कर झाली ती साबरमतीच्या आश्रमात, १९२८ साली. आणि मला जे हवं होतं ते तिथे सापडलं.

बार्डोलीचा सत्याग्रह ऑगस्टमध्ये यशस्वी झाला होता. देशभर कौतुक चाललेलं. आणि त्याच सुमारास अहमदाबादेत गांधीजींच्या नावाने शिमगा सुरू झाला, तो एका वासरावरून. आश्रमात छोटीशी गोशाळा होती. तिथलं एक वासरू जायबंदी होऊन पडलं. उपचार झाले, शुश्रूषा झाली, डॉक्टरला दाखवलं. त्याने सांगितलं की आता काही होण्यासारखं नाही. वासराला कूस बदलायची म्हटली तरी असह्य वेदना होत होत्या. गांधीजींना वाटलं की याला यातून सोडवायला हवं.

आता पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आश्रम त्यांचा, शब्द त्यांचा. त्यांनी नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आधी त्यांनी व्यवस्थापक मंडळाशी चर्चा केली. बहुतेकांना पटलं. मग सगळ्या आश्रमापुढे विषय ठेवला. तिथे एका शेजाऱ्याने कडाडून विरोध केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्याचं म्हणणं. आणि हा गृहस्थ नुसतं बोलून थांबला नाही, मी वासराची सेवा करतो म्हणाला. आश्रमातल्या काही भगिनी आणि तो, वासराच्या अंगावरच्या माश्या वारायचे, त्याला काही भरवता येतंय का बघायचे. हे सगळं झाल्यावर, शेवटी गांधीजींनी डॉक्टरला बोलावून स्वतःसमोर विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

गायीचं वासरू, जैन आणि वैष्णवांचं अहमदाबाद, आणि अहिंसेचा सर्वांत मोठा पुढारी. तुम्हीच कल्पना करा. संतापलेल्या पत्रांचा ढीग पडला. त्यांनी ३० सप्टेंबर १९२८ च्या 'नवजीवन'मध्ये लेख लिहून उत्तर दिलं, आणि चार दिवसांनी त्याचं इंग्रजी 'यंग इंडिया'त आलं. म्हणणं थोडक्यात असं, की सर्जन सुरी चालवतो ती हिंसा नव्हे, तसंच हे. आणि हाच न्याय माणसाला लावाल का, तर हो, तत्त्व म्हणून लावीन. फरक इतकाच की माणसासाठी बहुतेक वेळा आपल्या हातात काहीतरी करण्यासारखं उरतं, आणि माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. १९२८ मध्ये हे छापून आणायला काय छाती लागली असेल!

पण मला खरा दणका बसला तो त्याच लेखाच्या दुसऱ्या भागाने. त्यात माकडं आहेत. आश्रमाच्या पिकाची माकडं नासधूस करायची, आणि त्यांना मारावं लागेल की काय असा विचार गांधीजींच्या मनात चालू होता. आणि ते तिथेच साफ कबूल करतात, की माकडांना मारलं तर ती हिंसाच. तिला दुसरं नाव देता येणार नाही. कारण वासरू मेलं ते वासरासाठी, माकडं मरतील ती आमच्या भाजीसाठी. कृती वरून एकसारखीच दिसते, पण जमेच्या बाजूला कुणाचं नाव आहे ते बघायचं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कारण माझ्या त्या २९ गुणांत वासरू किती आणि माकड किती, हे मला स्वतःला सांगता येईना. पुढच्या महिन्यात आमचं मोठं रिलीज आहे, दोन वीकांत तरी ऑफिसला जावं लागणार. त्याआधी उरकलं तर बरं, हे माझ्या मनात आलं होतं. आईचे गुडघे गेलेत, रात्री तीनदा उठून ती त्याला बाहेर नेते, ते बघवत नाही, हेही होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मला त्याचं ते फरशीवर पाय घसरणं बघवत नाही. माझ्या वेदना त्याच्या नावावर लिहून मोकळं व्हायचं होतं मला. शीटमध्ये तसा कॉलम नव्हता.

आणि माकडाला वासरू म्हणणं किती सोपं आहे याचं भयंकर उदाहरण हवं असेल तर लंडन बघा. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं, आणि पहिल्या आठवड्याभरात लंडनकरांनी साधारण चार लाख कुत्री-मांजरं मारवून घेतली असा अंदाज आहे. आजारी नव्हे, धडधाकट. सरकारचा तसा हुकूम नव्हता. एका समितीचं पत्रक होतं, की जनावरांना खेड्यात पाठवा, नाही जमलं तर संपवणं दयेचं ठरेल. प्राण्यांच्या संस्था घाई करू नका म्हणत होत्या. तरी दवाखान्यांबाहेर रांगा लागल्या. बॉम्ब पडतील, त्यांचे हाल होतील, आत्ताच सोडवलेलं बरं. लंडनवर मोठे बॉम्बहल्ले सुरू झाले ते सप्टेंबर १९४० मध्ये, म्हणजे पूर्ण एका वर्षाने. त्या रांगांतली माणसं दुष्ट नव्हती हो. घाबरलेली होती. आपली भीती त्यांना दया वाटली.

त्याच महिन्यात, त्याच शहरात, सिग्मंड फ्रॉइड मरत होते. सोळा वर्षांचा जबड्याचा कॅन्सर. त्यांचा लाडका चाउ जातीचा कुत्रा लून, जखमेच्या वासामुळे त्यांच्या जवळ येईना, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. फ्रॉइडनी डॉक्टर मॅक्स शूरना जुन्या वचनाची आठवण दिली, मुलीच्या कानावर घालायला सांगितलं, आणि मॉर्फिन घेऊन २३ सप्टेंबर १९३९ ला ते गेले. त्यांना 'आता पुरे' म्हणता आलं. लूनची वेळ आली असती तर त्याला ते म्हणता आलं नसतं.

हाच मुद्दा गांधीजींनी वासराच्या वादात एका अटीसारखा मांडला होता. जीव घेणं अहिंसेत बसायचं असेल तर चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतील असं त्यांचं म्हणणं. एक, आजार बरा न होणारा हवा. दोन, संबंधित सगळ्यांनी आशा सोडलेली हवी. तीन, कुठलीही मदत किंवा सेवा करण्यासारखी उरलेली नसावी. चार, रुग्णाला आपली इच्छा सांगणं अशक्य असावं. एक जरी अट खोटी ठरली तरी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चारांचा अँड गेट. चारही एक, तरच एक.

मी गोट्याला त्यात घालून बघितलं. पहिली अट, हो. रिपोर्ट समोर आहेत. चौथी तर जन्मापासून खरी. दुसरी? आशा मी सोडलीये, बाबांनी बहुधा सोडलीये, आईने नाही. म्हणजे सगळ्यांनी नाही. इथपर्यंत मला वाटत होतं की आईच तेवढी अडून बसलीये, तिला समजावलं की झालं. पण तिसऱ्या अटीपाशी मी थांबलो. सेवा करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे कोण सांगणार? डॉक्टर नाही सांगू शकत, ते दिवसाआड वीस मिनिटं असतात. मी? मी आठवड्यातून दोन दिवस येतो आणि त्यातला निम्मा वेळ झोपलेला असतो. प्रत्येक शुक्रवारी मला तो आधीच्या रविवारपेक्षा एक पायरी खाली दिसतो, आणि मी पायऱ्या मोजतो. आईला पायऱ्या दिसत नाहीत, तिला सकाळची अर्धी वाटी दिसते. ज्याच्या हातून सेवा होते त्यालाच ती संपली की नाही ते कळतं.

मग वासराची गोष्ट मी पुन्हा वाचली आणि या वेळी मला तो शेजारी दिसला. पहिल्यांदा वाचताना मी त्याला 'विरोधी पक्ष' म्हणून सोडून दिलं होतं. माश्या वारत बसलेला हा माणूस.  त्याचा युक्तिवाद गांधीजींना पटला नाही, पण त्याची सेवा त्यांनी मोडीत काढली नाही. ती होऊ दिली. मला वाटतं त्याच्या त्या माश्या वारण्यानेच तिसरी अट तपासली गेली. तो नसता तर ती नुसती कागदावर राहिली असती. हे माझं मत, गांधीजींनी असं कुठे म्हटलेलं नाही.

आणि मला आठवला अरुणा शानभाग यांचा खटला. माणसाची आणि कुत्र्याची तुलना करत नाहीये, गैरसमज नको. पण प्रश्न कुणी ठरवायचा, या बाबतीत तो खटला विसरता येत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ३७ वर्षं तशाच अवस्थेत होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी कळकळीने दयामरणाची याचिका केली. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबवायला तत्त्वतः वाट मोकळी केली, पण या एका बाबतीत नाही म्हटलं. कारण अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क न्यायालयाने याचिका करणारीला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. इतकी वर्षं तिला भरवणारे, अंग पुसणारे, कूस बदलणारे ते होते, आणि त्यांना ती जगायला हवी होती. २०१५ मध्ये न्यूमोनियाने ती गेली, त्याच रुग्णालयात. तो निकाल बरोबर की चूक यावर मी कॉलेजात होस्टेलवर तावातावाने भांडलो होतो. मी याचिकेच्या बाजूने होतो. आजही पूर्ण बदललोय असं नाही. पण परिचारिकांचं म्हणणं मला तेव्हा निव्वळ भावनिक वाटलं होतं, ते आता तसं वाटत नाही.

मागच्या शनिवारी मी एक्सेल शीट डिलीट केली. (बॅकअप आहे, सवय जात नाही.) त्याऐवजी आईला एवढंच म्हटलं, "तू ठरव. मी आता विचारणार नाही. फक्त एक कर, तुला वाटेल त्या दिवशी माझ्यासाठी थांबू नकोस, कामाचं बघू नकोस, फोन कर." आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला काय हौस आहे का रे त्याला असं ठेवायची?" मग मी रात्री तिच्या जागी झोपलो, स्वैपाकघराच्या दारात, गादी टाकून. एक वाजता, तीन वाजता आणि पाचच्या सुमारास त्याला उचलून बाहेर नेलं. हातात काही वजनच लागेना. पाच वाजता तो अंगणात उभा राहिला, म्हणजे मी पोटाखाली हात धरला होता, आणि त्याने बराच वेळ हवेचा वास घेतला. भूक वगैरे सोडा, पण त्या मिनिटाला मी आनंदाच्या रकान्यात किती गुण लिहिले असते कोण जाणे.

आज, रविवारी, मी पुण्याला परत आलो. संध्याकाळी सातला आईचा फोन. पहिलं वाक्य, "जेवलास का?" मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आज माझ्या हातनं पाणीपण नाही घेतलं त्यानं. चमच्यानं घातलं तर तोंड फिरवलं. असं कधी केलं नव्हतं रे."

मी काही म्हणालो नाही.

"डॉक्टरांना मीच फोन केला. मंगळवारी दुपारी दोनला येतो म्हणाले. उद्या रात्रीपर्यंत ये. आणि येताना दादांच्या दुकानातनं ते मऊ पांढरं कापड आण, दोन मीटर. बाबा पेरूखाली खणतायत, पण त्यांना एकट्याला जमणार नाही, दगड लागलाय."

मॅनेजरला मेल टाकलाय. कारणाच्या जागी 'घरी आजारपण' लिहिलंय. कापडाचं दुकान उद्या दहाला उघडतं.